मेपल म्हणून घेतलं, अंबाडी निघाली

गेल्या श्रावणात मी ३,२०० रुपये मोजून जपानी मेपलचं झाड घेतलं. ते मेपल नव्हतंच. पुढे ‘खुराक’ म्हणून दोनदा ६५० रुपये दिले ते वेगळेच. झाडांचं वेड असलेल्या माणसाला कसं गाठतात, ते मला आता नीट कळलंय. म्हणून सगळं सविस्तर सांगते.

माझी लेक अमेरिकेत ओरेगनला असते. तिच्या शेजारच्या अंगणात खरं जपानी मेपल होतं. उंची माझ्या कमरेएवढी, पण छत्रीसारखं पसरलेलं. फांद्या जमिनीकडे झुकलेल्या आणि पानं इतकी बारीक चिरलेली की क्रोशाचं विणकामच वाटावं. ऑक्टोबरात ते लालभडक झालं. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत बसायचे ते त्याच्यासाठी. परत आल्यावर जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडे, मी त्याची जागा मनात धरून ठेवली होती.

रोपांचा टेम्पो कॉलनीत आला तेव्हा त्यात मोगरा, गुलाब, आंब्याची कलमं असं नेहमीचं होतं. सगळ्यात पुढे, चिनी मातीच्या कुंडीत, हे. किरमिजी पानं, तीन-चार फांद्या खाली वाकलेल्या. माझे पाय तिथंच अडखळले आणि ते त्या माणसानं बरोबर हेरलं. “मावशी, ओळखलं काय? जपानी मेपल. महाबळेश्वरला कलम बांधून आणलंय, दोनच राहिलेत.” मोबाइलवर त्यानं फोटो दाखवले. फोटो अस्सल मेपलचेच होते.

मी म्हटलं, याची पानं तेवढी चिरलेली नाहीत. तो म्हणाला, “अजून लहान हाय की. दोन वर्षांनी आपोआप चिरतात.” मी तिथंच थांबायला हवं होतं. लेकीकडे बघितलेल्या त्या चिरलेल्या पानांच्या जातीला डिसेक्टम म्हणतात, तिचं पान कोवळ्या रोपावरही चिरलेलंच असतं. सोलापूरच्या उन्हात टिकेल का, हेही विचारलं. “आमचं रोप उन्हाला तयार केलेलं हाय.” मोबाइलवरून पैसे पाठवले, पावती मागितली नाही.

पंधरा दिवसांत निम्मी पानं गळाली. जीव कासावीस झाला. मी त्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं : “मेपल पानं गाळतंच मावशी, हाच त्याचा स्वभाव. फक्त खुराक द्या.” या एका वाक्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. मेपल पानं गाळतं हे खरंच आहे, मी ते डोळ्यांनी बघून आले होते. पण ते थंडीच्या तोंडाला, रंग बदलून गाळतं. भाद्रपदात हिरव्या-किरमिजी पानांचा सडा पडत नाही. खऱ्या गोष्टीतला अर्धा तुकडा त्यानं मला दिला आणि उरलेलं माझ्या मनानंच जुळवून घेतलं. खुराक म्हणजे नाव-गाव नसलेली पांढऱ्या पुडीतली पूड.

मग झाड तरारलं आणि दिवाळीपर्यंत माझ्या खांद्याला लागलं. असं मेपल वर्षाला जेमतेम वीतभर वाढतं, पण मला तेव्हा आनंदच झाला होता. फांद्यांना मासे पकडायच्या गळाचा असतो तसला बारीक तंगूस बांधून खाली ओढलेलं होतं. तो सालीत रुतायला लागला म्हणून मी कात्रीनं कापला. आठवड्याभरात सगळ्या फांद्या सरळ वर बघायला लागल्या. खोडावर कलमाची म्हणून गुंडाळलेली पट्टी सोडली, तर खाली साल गुळगुळीत. जोडाची गाठ नाही, तिरका वण नाही, काही नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस फूल आलं. भेंडीच्या फुलासारखं, गडद गुलाबी, मध्ये काळपट ठिपका. समोरच्या पद्मशाली काकू दारातूनच म्हणाल्या, “आमच्या गोंगुरासारखंच दिसतंय की हे.” गोंगुरा म्हणजे त्यांच्या तेलुगूतली आंबट पालेभाजी. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या, शेतात वाढलेल्या. त्यांनी एक काडी मोडली. काडी तुटली, पण साल तुटेना, लांबलचक दोऱ्यासारखी सोलत आली. “वाख निघतोय बघ,” असं म्हणत मी अडवेपर्यंत त्यांनी कोवळं पान तोंडात टाकलंसुद्धा. “आंबट. अगं, अंबाडीच की ही!”

अगदी आपली भाजीची अंबाडी नव्हे, पण तिची सख्खी बहीण म्हणावी अशी. हिबिस्कस असेटोसेला, लाल पानांची, जास्वंदीच्या घरातली. पान तीन-पाच बोटांचं असल्यामुळे लांबून मेपलसारखं दिसतं. फांदी खोचली की जगते. म्हणजे मला विकलेल्या झाडाला त्या माणसाला खर्च आला असेल तो कुंडीचाच.

ओळखीतले एक कृषी पदवीधर आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, खरं मेपल दिलं असतं तरी तुमचे पैसे गेलेच असते. हे झाड जपान, कोरियाकडचं. त्याला हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडी लागते, त्या थंडीत ते झोपतं आणि वसंतात जागं होतं. आपल्याकडे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला स्वेटर घालतो, तेवढ्यानं त्याचं भागत नाही. वर मे महिन्यात पारा ४० च्या पुढे, झळा, चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी. पानांच्या कडा आधी करपतात, मग झाड हळूहळू जातं. बियांची पाकिटं विकतात त्यांचंही तेच. झुकणारी जात कलमानंच पुढे जाते, बी लावून तेच झाड येईल याचा भरवसा नसतो.

विकणाऱ्याचा नंबर आता बंद आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मला माहीत होता, पण तक्रार कुणाविरुद्ध लिहायची? ना पावती, ना नाव, ना पत्ता. म्हणून महाग रोप घेणार असाल तर आधी पावती घ्या. पट्टी गुंडाळलेली असेल तर समोर सोडायला लावा, दोरा-तार दिसली तर कापायला सांगा. आणि काडीवरची पानं बघा. मेपलची पानं जोडीनं, एकमेकांसमोर फुटतात. अंबाडी-जास्वंदीची एकाआड एक, प्रत्येक पान वेगळ्या उंचीवर. हे बघायला एक मिनिट लागतं. मी तेवढंही थांबले नव्हते.

चार महिने मी घरचे आणि ते कृषी पदवीधर सोडले तर कुणाला बोलले नाही, लाज वाटत होती. परवा बार्शीहून नणंदेचा फोन आला. टेम्पो आलाय, जपानी झाड आहे, ३,५०० सांगतोय, तुझ्या अंगणात आहे तसलंच दिसतंय, घेऊ का? मी म्हटलं, “वन्सं, पैसे देऊ नका. आधी एका काडीचा जवळून फोटो काढून पाठवा.”

पाच मिनिटांत फोटो आला. पानं एकाआड एक होती.