मेलेली एसएसडी आणि तिच्यातूनच परत आलेला डेटा

लॅपटॉप दुरुस्तीच्या पावतीवर चार ओळी होत्या. नवी ५१२ जीबी एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, ४,८०० रुपये. ओरिजिनल विंडोज १,५००. जुन्या एसएसडीतला डेटा काढणे १,०००. सर्व्हिस चार्ज ५००. एकूण ७,८००. जीएसटी नंबर नाही, सिरीयल नंबर नाही, खाली नुसती सही.

आता पहिली आणि तिसरी ओळ एकत्र वाचा. एसएसडी मेली म्हणून नवी टाकली, आणि त्याच मेलेल्या एसएसडीतून संध्याकाळी सातपर्यंत सगळा डेटा काढूनही दिला. टॅलीचं, म्हणजे हिशेबाचं, फोल्डर पूर्ण, फायलींवरची तारीख-वेळ आदल्या संध्याकाळपर्यंतची जशीच्या तशी. हल्लीच्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई प्रकारची एसएसडी खरोखर बंद पडली तर तिच्यातला डेटा काढणं गल्लीतल्या दुकानाचं काम नाही. लॅबमध्ये पाठवावी लागते, दिवस जातात, आणि तरी हाती काही येईल याची खात्री नसते. म्हणजे चोरी पावतीवरच लिहून दिलेली होती, वाचणाऱ्याला घाई होती इतकंच.

घाईचं कारण साधं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या हिशेबाचा हा लॅपटॉप. इंटेलचा अकराव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २०२१ ची खरेदी. महिन्याची १७ तारीख, २० च्या आत जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरायचं, आणि अपडेटनंतर विंडोज सुरूच होईना. निळा पडदा, रिस्टार्ट, पुन्हा निळा पडदा. शहरातल्या एका दुकानात कारागिराने मालकांच्या डोळ्यांदेखत पेनड्राइव्ह लावला, विंडोजचं सेटअप सुरू केलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. ‘विंडोज कुठे टाकायचं’ विचारणारा चौकोन, आणि त्यात एकही डिस्क नाही. ‘बघा की मालक, डिस्कच दिसंना. उडालीय एसएसडी. नवीन टाकूनच देतो.’

तो रिकामा चौकोन खोटा नव्हता, खोटं होतं ते त्याचं कारण. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी थेट प्रोसेसरला जोडलेली दिसत नाही, मध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर असतो. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो ओळखता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर, कंपनीने बसवून दिलेल्या विंडोजमध्ये असतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेल्या साध्या सेटअपमध्ये बहुतेक वेळा नसतो. ड्रायव्हर नाही म्हणून कंट्रोलर दिसत नाही, कंट्रोलर दिसत नाही म्हणून त्याच्यामागची एसएसडी दिसत नाही. एसएसडी ठणठणीत असते. रोज पाच-सहा लॅपटॉप फॉरमॅट करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असं म्हणणं त्याच्या कामाचा अपमान ठरेल.

खरं-खोटं कळायला एक मिनिट लागतं. लॅपटॉप बंद करून चालू करताना एफ-२ (एचपीत एफ-१०) दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जा. एसरसारख्या बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीच्या पानावर एसएसडीचं मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहिलेला असतो. तिथे नाव दिसलं तर ‘डिस्कच दिसत नाही’ या बोलण्यात दम नाही. मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. हा फोटो दुकानात देण्याआधीच काढायला हवा, त्याचं कारण पुढे येतंय.

दुसरी खात्री उबंटूच्या पेनड्राइव्हची. उबंटू म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. नव्या उबंटूला व्हीएमडी ओळखता येतो. इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडायचं, फाइल्स उघडायच्या, एसएसडीचे भाग डाव्या बाजूला दिसतात. तिथूनच टॅलीचं फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर ओढून घेता येतं. बिटलॉकर, म्हणजे डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड कारखान्यात एकट्या अकाउंटंटच्या डोक्यात असू नये. आणि हे सगळं फॉरमॅटच्या आधी. एसएसडी फॉरमॅट झाली की ट्रिम नावाची व्यवस्था जुन्या जागा रिकाम्या करून टाकते. जुन्या हार्डडिस्कवरचं पुसलेलं जसं रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत यायचं, तसं इथे धरून चालू नका.

आता विंडोज पुन्हा टाकायची रीत. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं आधीचं सगळं पुसलं जाणार. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवा, तेच विंडोजचं सेटअप उतरवून पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे त्यावरून लॅपटॉप सुरू होईल असा, करतं. सेटअपची आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर बूट होत नाही, ही चूक अजूनही पुष्कळ जण करतात. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेल नंबर टाकून इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी ड्रायव्हर घ्या. तो बहुधा ईएक्सई फाइल म्हणून येतो, आणि ती ईएक्सई तशीच पेनड्राइव्हवर टाकून काही होत नाही. सेटअपला आयएनएफ फाइल लागते, म्हणून ड्रायव्हर आधी उलगडून (एक्सट्रॅक्ट करून) त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवायचं.

लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यू: डेल आणि लेनोव्होत एफ-१२, एचपीत एफ-९, एसूसमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ-१२ च, पण तो आधी बायोसमधून चालू करावा लागतो. सेटअप रिकाम्या चौकोनावर येऊन थांबलं की ‘लोड ड्रायव्हर’ दाबा आणि ब्राउझ करून ते फोल्डर दाखवा. यादीत ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी’ असं दिसेल, तो अकराव्या पिढीसाठी. बाराव्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपला ४६७एफ लागतो. निवडून नेक्स्ट केलं की काही सेकंदांत ‘मेलेली’ एसएसडी आपल्या सगळ्या भागांसकट समोर उभी. इथे हात जपून चालवा. सी ड्राइव्हचा भाग आकारावरून ओळखा. डेटा डी ड्राइव्हमध्ये असेल तर त्या ओळीवर डिलीट दाबायचं नाही.

बायोसमधून व्हीएमडी बंद करून टाकला की ड्रायव्हरची कटकट नाही, असंही सांगणारे भेटतील. नवं विंडोज टाकायचं असेल तर चालतं. पण जुनं विंडोज ठेवून तो बंद केला तर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत तेही उठत नाही, आणि मग दुकानदाराला आणखी एक दुखणं सापडतं. काही एसर लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्यावर दिसतो. बऱ्याच एचपींमध्ये तो दिलेलाच नाही.

परत आलेल्या लॅपटॉपमधली ‘नवी’ एसएसडी तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरलं. नवी एसएसडी घालून विंडोज टाकल्यावर पॉवर ऑन अवर्स म्हणजे चालू राहिलेले तास एक-दोन दिसायला हवेत आणि चालू-बंद झाल्याची संख्या दहा-वीसच्या आत. इथे तास होते ३,४१२ आणि चालू-बंदची संख्या १,९८०. एका दिवसाच्या वस्तूला साडेतीन हजारांच्या घरात तास! ही त्याच लॅपटॉपची जुनी एसएसडी की दुसऱ्या कुणाची काढलेली? ते ठरवायला जुना सिरीयल नंबर हवा होता. तो कुणाकडेच नव्हता. म्हणून तो बायोसचा फोटो. काढलेली जुनी एसएसडी मागितली तर उत्तर मिळालं, ‘ती मोडीत टाकली.’ सकाळी काढलेला भाग संध्याकाळी मोडीत जात नाही. काढलेला भाग गिऱ्हाइकाचा, तो पैसे देण्याआधी टेबलावर मागून घ्यायचा.

राहिलं ओरिजिनल विंडोज. आपल्याकडे दुकानातून घेतलेल्या बहुतेक घरगुती लॅपटॉपना विंडोज होम सिंगल लँग्वेजचा परवाना सोबत आलेला असतो, आणि त्याची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच लिहिलेली असते. साधा सेटअप ती की वाचतो, कोणतं विंडोज टाकायचं हे विचारतही नाही, आणि इंटरनेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं. त्यामुळे होम सिंगल लँग्वेजच्या लॅपटॉपवर अचानक ‘प्रो’ दिसू लागलं तर ते आपोआप झालेलं नाही, कुणीतरी सेटअपमध्ये फेरफार करून टाकलंय. रन खिडकीत ‘एसएलएमजीआर’, एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि ‘एक्सपीआर’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. खरा परवाना असेल तर कायमचं अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचं सांगतं. या लॅपटॉपवर साधारण सहा महिन्यांनंतरची तारीख आली. केएमएस पद्धतीचं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. कंपन्यांच्या नेटवर्कसाठी ती रीतसर सोय आहे, पण कारखान्याच्या एकट्या लॅपटॉपवर ती दिसली म्हणजे क्रॅक, चोरीचं अ‍ॅक्टिव्हेशन.

१,५०० रुपये गेले याहून वाईट गोष्ट विंडोज सिक्युरिटीत होती. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि खालच्या बाजूला एक्सक्लूजन्स. तिथे सी ड्राइव्हमधलं एक फोल्डर ‘तपासू नको’ म्हणून नोंदवलेलं. क्रॅक पकडला जाऊ नये म्हणून केलेली सोय. त्या फोल्डरात उद्या दुसरं काही येऊन बसलं तरी विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर तिकडे बघणार नाही, आणि याच लॅपटॉपवर कारखान्याचं नेटबँकिंग चालतं. असं विंडोज दुरुस्त करत बसू नये, पुसून नव्याने टाकावं. बँकेचे आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलावेत.

क्रिस्टलडिस्कइन्फोचा छापील स्क्रीनशॉट आणि चार ओळींची पावती घेऊन मालक दुकानात गेले. आधी ‘सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय’, मग ‘डीलरनेच जुना माल दिला’. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मोबाइलवर लावून समोर धरल्यावर ४,८०० आणि १,००० रोख परत आले. विंडोजचे १,५०० काही सुटले नाहीत. ‘विंडोज तर चालू आहे की’ एवढंच म्हणणं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि मुदत २ वर्षांची आहे, म्हणून ती पावती अजून जपून ठेवलीय.

रिटर्न १९ तारखेला दुसऱ्या कॉम्प्युटरवरून भरलं गेलं. लॅपटॉपवर त्याच एसएसडीत होम सिंगल लँग्वेज पुन्हा टाकायला वीस मिनिटं लागली. वायफाय जोडून सेटिंग्जमधलं अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडलं, तर डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट झाल्याची ओळ आधीच आलेली होती. की कुणी विचारली नाही, कुणी दिली नाही.