गोव्यातली डॉल्फिन ट्रिप आणि स्पीडबोट राइड: चालक पाहूनच तिकीट घ्या

निकाल आधी सांगतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास नेरूलच्या कोको बीचवरून किंवा सिकेरीहून सुटणारी संथ डॉल्फिन बोट घ्यावी. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तरी हरकत नाही. कळंगुट-बागा पट्ट्यातली ‘फास्ट राउंड’ स्पीडबोट मात्र पुढे सांगितलेल्या गोष्टी काठावर उभं राहून तपासल्याशिवाय घेऊ नये. पाच राइडचं एकत्र पॅकेज तर आधी पैसे भरून घेऊच नका, कारण पहिल्या राइडला चालकाचा हात कसा आहे ते कळतं आणि पुढच्या चार नाकारायची मोकळीक आपल्याकडे राहायला हवी.

या धंद्यात बोटी साधारण सारख्याच असतात: फायबरचं अंग, मागे बाहेरून लावलेली एक किंवा दोन आउटबोर्ड इंजिनं, बसायला बाकं. फरक पडतो तो थ्रॉटलवर, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या दांड्यावर, कोणाचा हात आहे याने. तरीही जाहिरातीत वेग विकला जातो, गिऱ्हाईकही ‘अजून जोरात’ म्हणून ओरडतं, आणि चालक ते ऐकतो.

संथ बोटीचं कौतुक का, ते आधी. मांडवी नदीच्या मुखाशी, आग्वादच्या किल्ल्याखाली सकाळी वारा मंद असतो. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाण्यावर छोट्या-छोट्या उभ्या लाटा उठतात. त्या लाटांवर हलकी बोट आपटत जाते आणि डॉल्फिनची पाठही दिसत नाही. इथे दिसणारे बहुतेक डॉल्फिन कुबड्या जातीचे, उथळ पाण्यात राहणारे. चांगला चालक त्यांना समांतर राहतो, वेग चार-पाच नॉटवर, म्हणजे ताशी साधारण सात ते नऊ किलोमीटर ठेवतो आणि कळपाच्या वाटेत आडवा जात नाही. वाईट चालक ओळखणं सोपं आहे. कुठे पाठ वर आली की तो तिकडे सुसाट सुटतो. तिकडे आणखी सहा बोटी तशाच निघालेल्या असतात आणि सगळ्या चालकांचे डोळे डॉल्फिनवर असतात, एकमेकांवर कोणाचेच नसतात. डॉल्फिनला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्यामुळे असा पाठलाग हा माणसांच्या जिवाशी खेळ आहेच, शिवाय कायद्याशीही आहे.

आता स्पीडबोट. वेग वाढवताना बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आधी वर उचलली जाते, मग बोट पाण्यावर सपाट घसरायला लागते. मधल्या त्या टप्प्यात चालकाला समोरचं पाणी जवळजवळ दिसत नाही. बोटीतले पर्यटक सेल्फीसाठी नाळेकडे उभे असतील तर मुळीच नाही. 25 नॉट म्हणजे ताशी 46 किलोमीटर, सेकंदाला जवळपास 13 मीटर. पोहणाऱ्याचं डोकं पाण्यावर नारळाएवढं दिसतं. ते 60 मीटरवर नजरेस पडलं तर हातात पाच सेकंदही उरत नाहीत. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते: 10 नॉटच्या तुलनेत 25 नॉटला ती सव्वासहा पट होते.

त्याहून मोठा धोका इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याचा. इंजिन मिनिटाला 5000 फेरे फिरत असेल आणि गिअरमुळे पंख्यापर्यंत त्यातले निम्मे पोचत असतील, तर तीन पात्यांचा पंखा एका सेकंदात सव्वाशेच्या आसपास वार करतो. म्हणून किल स्विचची दोरी, ती लाल गुंडाळीची वायर, चालकाच्या मांडीला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेली आहे का, ते बघाच. चालक फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती थ्रॉटलच्या दांड्याला लटकलेली असते, कधी तिच्या क्लिपच्या जागी सुतळीचा तुकडा खोचलेला असतो. अशी बोट चालकाविनाच पूर्ण वेगात गोल-गोल फिरत राहते आणि पडलेल्या माणसांवरच परत येते. ही दोरी लावलेली नसेल तर त्या बोटीत बसू नका, मग बाकी सगळं कितीही चकचकीत असो.

जागा मागची घ्या. नाळेजवळच्या बाकावर लाटेचा धक्का सर्वांत जास्त बसतो आणि अशा आपटण्याने मणक्याला फ्रॅक्चर होतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी, पाठदुखी असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तर पुढे बसूच नये. काठावर बसणं म्हणजे पहिल्याच तीव्र वळणाला पाण्यात जाणं. बोट निघाल्यावर चालकाला ‘पात्राव, सवकास’ (कोकणीत ‘मालक, हळू’) एवढं मोठ्याने म्हटलं तरी पुरे. तो त्यावर हसून आणखी जोर लावत असेल तर परत किनाऱ्याला लावायला सांगा.

कळंगुट-बागाचा किनारा हा वेगळाच विषय आहे. इथे जेटी नाही, बोट फुटत्या लाटांतून बाहेर काढावी लागते आणि परतताना त्याच लाटांतून आत आणावी लागते. आत येताना मागून येणारी लाट बोटीपेक्षा वेगवान असू शकते. ती मागच्या कोपऱ्यावर बसली की बोट आडवी फिरते आणि पुढची लाट तिला पालथी घालते. जाणकार चालक दोन लाटांच्या मध्ये, पुढच्या लाटेच्या पाठीवर राहून, तिच्याच वेगाने आत येतो. घाई केली तर नाळ पुढच्या लाटेत रुतते, रेंगाळला तर मागची गाठते. माणसं जास्त भरलेली असली तर बोट वळायलाही तयार होत नाही. 25 डिसेंबर 2024 ला कळंगुटला पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळच उलटली. 54 वर्षांच्या एका माणसाचा जीव गेला आणि 20 जणांना वाचवण्यात आलं. एकच आठवडा आधी, 18 डिसेंबरला, मुंबईत इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली होती. एक घटना काठाजवळची, दुसरी बंदरातली, तरी अशा वेळी प्रवाशांच्या हातात एकच गोष्ट असते: अंगात लाइफ जॅकेट घालणं.

जॅकेटाबद्दल म्हणून जरा खोलात. बहुतेक ठिकाणी मिळतं ते 50 न्यूटनचं, म्हणजे साधारण पाच किलो तरंगशक्तीचं. शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला ते ठीक आहे. बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर करून ठेवत नाही. आडोशाच्या पाण्यासाठी 100 आणि खुल्या समुद्रासाठी 150 न्यूटनचं हवं. आतल्या बाजूच्या लेबलावर हा आकडा आणि वजनाचा गट छापलेला असतो. लेबल झिजून गेलं असेल तर ते जॅकेट किती जुनं आहे याचा अंदाज आलाच. फोम दाबून बघा: दाबलेला तसाच राहिला तर तो मेला आहे. सगळे पट्टे आवळून कुणाला तरी खांद्यांपाशी वर ओढायला सांगा; जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मोठ्यांचं जॅकेट आवळून घालणं निरुपयोगी आहे, त्यांना मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं छोटंच लागतं. ते नसेल तर मुलांना बोटीत नेऊ नका.

जेट स्कीला आमची शिफारस फक्त प्रशिक्षक मागे बसणार असेल तर. कारण सोपं आहे पण कोणी सांगत नाही: जेट स्की पाण्याच्या झोताने वळते. घाबरून थ्रॉटल सोडला की झोत थांबतो आणि हँडल कितीही फिरवलं तरी ती सरळच जाते. नवख्या माणसाचा हात नेमका धडकेच्या क्षणीच सैल पडतो. बनाना राइडला (केळ्याच्या आकाराचा फुगवलेला तराफा) ओढणाऱ्या बोटीत दोघं हवेत, एक चालवणारा आणि एक मागे तोंड करून दोरी व माणसांवर नजर ठेवणारा. मुद्दाम उलटवण्याची ‘मजा’ आधीच नाकारा.

सरकारी बाजूची सेवाही जोखायला हवी. बोटीची नोंदणी, तपासणी आणि चालकाचा परवाना हे बंदर कप्तान खात्याचं काम, जलक्रीडेच्या व्यवसायाची नोंदणी पर्यटन खात्याकडे. किनाऱ्यावर 2008 पासून ‘दृष्टी’ या खासगी संस्थेचे जीवरक्षक आहेत आणि त्यांचं काम खरोखर उत्तम आहे. पॉवरबोट चालवायचं शिक्षण देणारी राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही करंझाळेतच आहे. म्हणजे शिकवणारे आहेत, वाचवणारे आहेत. कमी पडतो तो पाण्यावर गस्त घालणारा. परवाना जेटीवर तपासता येतो, पण वेग पाण्यातच तपासावा लागतो.

‘वेग मोजायचा कसा’ ही सबब मात्र चालू नये. टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सहावा नियम सुरक्षित वेगाचा आहे आणि त्यात आकडाच नाही. दृश्यमानता, गर्दी, बोटीची थांबायची-वळायची क्षमता, पाण्याची खोली पाहून वेग ठरवायचा, असं तो सांगतो. पोहणाऱ्यांच्या घोळक्याजवळून नाळ उचलून गेलेली बोट रडारगनशिवायही दोषी ठरू शकते. न्यूझीलंडने तर नियम अगदी सोपा केला आहे: काठापासून 200 मीटर आणि पाण्यातल्या माणसापासून 50 मीटरच्या आत पाच नॉट. कळंगुटला अशा अंतरावर बोया, म्हणजे तरंगत्या खुणा, टाकून बोटींची ये-जा एकाच गल्लीतून करायची, एवढं केलं तरी रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार), पोहणारे आणि बोटवाले तिघांची भांडणं मिटतील.

तक्रार करायची तर बसण्याआधीच बोटीच्या अंगावरच्या नोंदणी क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. क्रमांक रंगाने झाकलेला असेल तर तीच पहिली तक्रार. व्हिडिओ काढताना बोटीबरोबर मागचा शॅक (किनाऱ्यावरची खानावळ), जीवरक्षकाचा मनोरा किंवा किल्ला चौकटीत येऊ द्या, म्हणजे जागा आणि अंतर दोन्ही सिद्ध होतात. तारीख-वेळ लिहून ते बंदर कप्तान खाते आणि पर्यटन खाते दोघांनाही पाठवा. समोर माणूस पाण्यात असेल तर आधी जवळच्या जीवरक्षकाला हाक मारा, मग 112. सागरी पोलिसांचा क्रमांक 1093 आणि बाहेरच्या पाण्यातल्या शोध-बचावासाठी तटरक्षक दलाचा 1554.