ग्रासकटर घेताय? सीसी नंतर, आधी जमीन बघा

गणपती गेले की कोकणात बेणणीला, म्हणजे बागेतलं गवत-झुडपं काढायला, गडी मिळत नाही आणि घरोघरी ग्रासकटर घ्यायचा विषय निघतो. दुकानदार आधी सीसी सांगतो. त्यापेक्षा आपल्या जमिनीला उतार किती आणि मशीन खांद्याला कोण लावणार, हे बघून ठरवलेलं बरं.

टू-स्ट्रोक इंजिनाचं मशीन हलकं आणि सहसा स्वस्त. करवंदीच्या जाळीत, रानमोडीच्या झुडपांत पटकन जोर घेतं. भानगड आहे ती पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची. पुस्तिकेत 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40. गडी बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओततो, ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम होतो, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक गप्प होतो. मशीन दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर टू-स्ट्रोक मी तरी सुचवणार नाही.

फोर-स्ट्रोकला साधं पेट्रोल चालतं, ऑइल इंजिनात वेगळं. धूर कमी, आवाज सौम्य, पेट्रोलही कमी खातं. वजन मात्र थोडं जास्त. होंडाच्या जीएक्स 35 या 35.8 सीसीच्या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम 100 मिली, म्हणून रोज सुरू करण्याआधी पातळी बघायलाच हवी. हापूस-काजूच्या बागेत वर्षातून एकदोनदा गवत मारायचं असेल तर हेच घ्या.

सपाटीला खांद्याचं, सायकल हँडलचं मशीन सोयीचं. घसरत्या उतारावर आणि गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेला ते रुंद हँडल आडवं येतं. तिथे गोल हँडल किंवा पाठीवरचं मशीन बरं. पाठीवरच्यात इंजिनाचं वजन पाठ घेते, पण आतल्या लवचिक शाफ्टला ग्रीस चुकवून चालत नाही, आणि पाय घसरला तर ते झटकन उतरवता येत नाही.

बॅटरीवालं खळ्यापुरतं आणि परड्यापुरतं छान. सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळमाळावर, चार्जिंग कुठे करणार?

खरा फरक पात्याने पडतो. जांभ्याचे दगड वर आलेल्या जागी लोखंडी पातं ठिणग्या काढतं, दगड उडवतं. तिथे नायलॉन दोरी लावा. जाड काटेरी झुडपाला तीन दातांचं पातं. नायलॉन दोरी दिसायला मऊ वाटते, पण कलमाच्या बुंध्याला गोल फिरली तर कोवळी साल सोलून काढते आणि कलम वाळतं. बुंध्याभोवतीच्या आळ्यातलं गवत विळ्यानेच काढा. गार्ड काढून मारायची खोड अनेकांना असते, ती नको; माणसं, गुरं 15 मीटर लांब ठेवा. गवतात फुरसं हा विषारी साप असतो, तेव्हा गमबूट आणि चष्मा मशीनबरोबरच घ्यायचे.

हंगामाचं काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉलवालं पेट्रोल आपल्या दमट हवेत पाणी ओढतं, मग पुढच्या हंगामात कार्बोरेटर रुसतो.

अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका. आणि दोरीचं डोकं, क्लच, स्टार्टरची दोरी तालुक्याच्या ठिकाणी मिळते का, हे बिल करण्याआधी विचारा. ऐन ऑक्टोबरात सुट्या भागासाठी कोल्हापूर गाठावं लागलं तर स्वस्तातलं मशीनही महाग पडतं.