ऑटोहॉटकी, दहा महिन्यांनंतर: केळीच्या पट्ट्या, मे महिन्याचं ऊन आणि गप्प राहून चुकणारी स्क्रिप्ट

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावी एका केळी व्यापाऱ्याकडे मी हिशोब बघतो. कापणी जोरात असली की रोज साठ-सत्तर शेतकऱ्यांच्या काटा पावत्या, म्हणजे वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, टेबलावर येतात. त्या आधी एक्सेलमध्ये उतरवायच्या आणि मग बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा एकेक करून भरायच्या, कारण त्या सॉफ्टवेअरला एक्सेलची फाइल थेट घेता येत नाही. शेतकऱ्याचा कोड, वजन, भाव, कटती (वजावट), हमाली, सेव्ह. मग पुढचा शेतकरी. सव्वादोन तास जायचे आणि शेवटच्या वीस नोंदींना डोळे थकलेले असायचे. गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात हे काम मी ऑटोहॉटकीवर टाकलं. आता तेच काम तपासणीसकट पस्तीस मिनिटांत होतं.

ते चालतं, हे एवढ्यात सांगून झालं. चुकलं कुठे आणि ती चूक सापडली कशी, याला जागा लागते, म्हणून लांब लिहितोय.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: ऑटोहॉटकी हे फक्त विंडोजवर चालणारं, फुकट आणि मुक्तस्रोत साधन आहे, २००३ पासूनचं. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं की अमुक कळ दाबली की अमुक विंडो पुढे आण, एवढं टाइप कर, टॅब दाब, एंटर दाब. आपले हात जे करतात तेच ते करतं, फक्त न थकता. मी कॉमर्सचा माणूस, प्रोग्रामिंग कधी शिकलो नाही, तरी पहिल्या संध्याकाळी पाच नोंदी आपोआप भरल्या गेल्या आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

पहिला आठवडा मात्र आवृत्त्यांच्या गोंधळात गेला. दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि तिची लिहिण्याची पद्धत पहिलीपेक्षा बरीच वेगळी आहे. इंटरनेटवरचे जुने नमुने बहुतेक पहिल्या आवृत्तीचे. मेसेज दाखवायच्या साध्या आदेशातसुद्धा जुन्या पद्धतीत मजकूर तसाच लिहिला तरी चालायचा, नवीनमध्ये तो अवतरणचिन्हात लागतो. एआयला विचारलं तर तोही कधी दोन्हींची खिचडी करून देतो. त्यामुळे ‘रिक्वायर्स’ची ओळ, म्हणजे ही स्क्रिप्ट कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते सांगणारी ओळ, प्रत्येक फाइलच्या अगदी वर लिहा. ती असली की चुकीच्या आवृत्तीत स्क्रिप्ट सुरूच होत नाही. नव्याने शिकणाऱ्याने सरळ दुसरीच आवृत्ती धरावी.

मग आला तो दिवस, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. अडावद गावाकडचे एक नाना पट्टी, म्हणजे आम्ही शेतकऱ्याला देतो ते मालाचं बिल, घेऊन आले. आवाज चढवला नाही, टेबलावर पट्टी आणि काटा पावती शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाले, “भाऊ, हाई वजन मन्हं नही शे.” पावतीवर ८४.६० क्विंटल, पट्टीवर ६१.२५. भाव १,४०० चा. फरक २३.३५ क्विंटलचा, म्हणजे ३२,६९० रुपये. वर्षभर बागेला पाणी देऊन, वाऱ्या-वादळातून घड वाचवून आणलेल्या माणसाचे पैसे मी बसवलेल्या स्क्रिप्टने कापले होते आणि स्क्रीनवर कुठेही एरर नव्हता. पट्टी तिथल्या तिथे दुरुस्त करून दिली. शेठना स्वतः जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून स्क्रिप्ट बंद केली आणि दोन आठवडे सगळं पुन्हा हाताने भरलं.

६१.२५ हे वजन आलं कुठून? ते आधीच्या शेतकऱ्याचं होतं. आमचं सॉफ्टवेअर नवीन नोंद उघडली तरी आधीचे आकडे रकान्यात तसेच ठेवतं. कोड टाकला की ते नाव शोधायला क्षणभर थांबतं आणि तेवढ्यात टाइप केलेलं सगळं गिळून टाकतं. मी स्क्रिप्टमध्ये कोडनंतर ‘स्लीप’ ३०० टाकलं होतं, म्हणजे ३०० मिलिसेकंद थांब. सॉफ्टवेअरला त्या दिवशी जास्त वेळ लागला. वजन हवेत गेलं, जुनं वजन जागेवर राहिलं, पुढचा टॅब बरोबर पडला, भाव बरोबर पडला आणि नोंद सेव्ह झाली.

पण मग बाकीचे तीन आठवडे ते बरोबर कसं चाललं? याचं उत्तर मला सापडलं नाही, आमच्याकडे बी.कॉम. करता करता अर्धवेळ काम करणाऱ्या मुलीला सापडलं. मी सगळ्या जुन्या पट्ट्या पावत्यांशी ताडून पाहत होतो. आणखी दोन चुका निघाल्या, छोट्या, पण होत्या. ती त्या तिन्ही पट्ट्यांवरची वेळ बघून म्हणाली, “दादा, सकाळी भरलेली एकही चुकलेली नाही. तिन्ही दुपारी तीननंतरच्या आहेत.”

खानदेशातला मे महिना कोणाला वेगळा सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास, कार्यालयात एक कूलर, आणि डेस्कटॉप भिंतीला टेकवून ठेवलेला, त्याच्या पंख्यावर केळीच्या ट्रकांनी उडवलेली धूळ. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो. सकाळी जे काम २०० मिलिसेकंदांत व्हायचं त्याला दुपारी ३०० पुरत नव्हते. पंखा उघडून ब्रशने साफ केला, डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, तेव्हा दुपारचा वेगही सुधारला. स्क्रिप्टची चूक शोधताना मी फक्त स्क्रिप्टकडे बघत बसलो होतो. ती चूक ज्या वेळी होते ती वेळ लिहून ठेवली असती तर दोन आठवडे वाचले असते.

पंखा साफ केला म्हणून ‘स्लीप’वर विसंबणं मात्र बरोबर नव्हतं. ३०० चे ८०० केले तरी तो अंदाजच. म्हणून सगळी स्क्रिप्ट नव्याने लिहिली आणि एकच नियम धरला: काही टाकण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते बघायचं, आणि टाकल्यावर खरंच तेच पडलं का ते वाचून घ्यायचं. विंडो बदलते तिथे ‘विनवेट ॲक्टिव्ह’ वापरतो. हा आदेश ती विंडो खरोखर पुढे येईपर्यंत थांबतो आणि मी दिलेल्या पाच सेकंदांत ती आली नाही तर तसं कळवतो. विंडोचं नेमकं नाव बघायला ऑटोहॉटकीबरोबरच ‘विंडो स्पाय’ मिळतो, तो उघडा ठेवून काम केलं की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

रकान्याचं काम जास्त नाजूक होतं. वजन टाकल्यावर स्क्रिप्ट तोच रकाना पूर्ण निवडते, कॉपी करते आणि एक्सेलमधल्या वजनाशी ताडून बघते. जुळलं तरच पुढे. यात मी दोनदा अडकलो. पहिल्यांदा कॉपी करण्याआधी क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं ती जागा, रिकामा करायचा राहिला होता. कॉपी झालीच नाही तर आधीचाच आकडा तिथे पडलेला असतो आणि तपासणी खोटी खोटी जुळते. आता आधी क्लिपबोर्ड रिकामा, मग कॉपी, मग ‘क्लिपवेट’, म्हणजे क्लिपबोर्डात काही येण्याची वाट बघ, एक सेकंद. त्यात काही आलं नाही तर थांब. दुसऱ्यांदा उलट झालं: सगळं बरोबर असून स्क्रिप्ट थांबायची. एक्सेलमधून ८४.६ यायचं आणि सॉफ्टवेअर ८४.६० दाखवायचं. अक्षरं म्हणून ताडली की ती वेगळी, संख्या म्हणून ताडली की सारखी. रकमेतले स्वल्पविरामही आधी काढावे लागतात, नाहीतर १,०५,४०० ही संख्याच धरली जात नाही.

न जुळल्यास काय करायचं? सुरुवातीला मी तीनदा पुन्हा प्रयत्न करायला लावलं होतं. ते काढून टाकलं. पैशांच्या नोंदीत स्क्रिप्टने शहाणपणा करू नये, थांबून हाक मारावी. आता मोठा मेसेज येतो: कोणत्या ओळीवर थांबलो, काय टाकायचं होतं, काय दिसतंय. आणि एस्केप दाबलं की सगळं बंद, ही ओळ तर मी पहिल्या दिवसापासून लिहायला हवी होती. स्क्रिप्ट भरधाव टाइप करत असताना माउस धरून ती थांबवता येत नाही.

प्रत्येक नोंद झाली की एका टेक्स्ट फाइलमध्ये ओळ पडते: तारीख, वेळ, कोड, टाकलेलं वजन, वाचलेलं वजन. ही नोंदवही केवळ चुका शोधायला नाही. आमच्याकडे वीज मध्येच जाते, यूपीएस पाच-सात मिनिटं तगतो. पूर्वी वीज गेली की कुठपर्यंत भरलं होतं ते शोधत बसायचो आणि एखादी नोंद दोनदा पडायची. आता स्क्रिप्ट सुरू होताना आधी ती फाइल वाचते आणि झालेल्या नोंदी सोडून पुढून धरते.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगतो, पण त्यांतली एक फार जणांना छळते. स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये झकास टाइप करते आणि नेमक्या हव्या त्या सॉफ्टवेअरमध्ये ढिम्म काही होत नाही, एररही नाही, असं दिसलं तर ते सॉफ्टवेअर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडतंय का ते आधी बघा. कमी अधिकारात चालणारा प्रोग्राम जास्त अधिकाराच्या विंडोला कळा पाठवू शकत नाही, विंडोज ते सुरक्षेसाठी अडवतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या शॉर्टकटवर बसवणाऱ्याने ती खूण करून ठेवली होती. दोघांना एकाच अधिकारात आणलं आणि दोन दिवसांची डोकेदुखी मिटली.

शेतकऱ्यांची नावं मराठीत आहेत. एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये) साठवली की नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि गेलेली अक्षरं परत मिळत नाहीत. साठवताना यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा. त्याच फाइलला एक्सेलमध्ये पुन्हा उघडलं की ००४७ सारख्या कोडचे सुरुवातीचे शून्य उडतात, तेव्हा ती फाइल बघायची तर नोटपॅडमध्ये. स्क्रीनवरच्या ठरावीक जागेवर क्लिक करायला लावू नका. कोणी स्क्रीनचा आकार १२५ टक्के केला की क्लिक भलतीकडे पडतं. टॅबने जाणं हळू वाटतं पण खात्रीचं आहे.

रोज रात्रीच्या बॅकअपसाठी मी वेगळी बॅच फाइल (विंडोजच्या आदेशांची यादी) लिहिली आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या ‘टास्क शेड्यूलर’ला दिली. हाताने चालवली की चालायची, रात्री नाही. कारण दुसऱ्या काँप्युटरचं जे फोल्डर मला झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं, ते मी लॉगिन नसताना त्या कामाला दिसतच नव्हतं. नेटवर्कचा पूर्ण पत्ता लिहिल्यावर जमलं. फोल्डरचं नाव ‘केळी हिशोब’ असं मराठीत आणि मध्ये मोकळी जागा सोडून होतं. ते साध्या इंग्रजी अक्षरांत, सलग केलं, आणि आणखी एक अडथळा गेला. त्यानंतर आठवडाभर शेड्यूलर ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये १ दाखवत होता आणि मी बॅकअप फसतोय असं धरून चाललो होतो. त्या बॅच फाइलमध्ये फाइल कॉपी करणारा विंडोजचा आदेश आहे रोबोकॉपी, आणि त्यात १ म्हणजे फाइल कॉपी झाल्या. खरं अपयश ८ पासून पुढे. वीज नसल्यामुळे ठरलेली वेळ चुकली तर नंतर जमेल तेव्हा लगेच चालव, ही खूण शेड्यूलरमध्ये मुद्दाम करावी लागते. आपल्याकडे ती केलीच पाहिजे.

कोणी घ्यावं? जिथे तेच तेच आकडे रोज एका ठिकाणाहून दुसरीकडे हाताने जातात आणि शेवटी कोणीतरी ते वाचून बघणार आहे, तिथे जरूर. तुमचं सॉफ्टवेअर एक्सेल थेट घेत असेल तर हा सगळा खटाटोप करू नका, तोच रस्ता जास्त पक्का. आणि मूळ कागद शेजारी ठेवून ताडण्याची सवय नसेल, तर आधी ती लावा. आमच्याकडे आजही दर दहा पट्ट्यांतली एक ती मुलगी पावतीशी लावून बघते, आणि अडावदच्या नानांची पट्टी मी स्वतः बघतो.

गेल्या आठवड्यात बिलिंगचं सॉफ्टवेअर अपडेट झालं. संध्याकाळी ५२ पावत्या होत्या. स्क्रिप्ट सुरू केली आणि पहिल्याच ओळीवर मेसेज आला: “विंडो सापडली नाही. काहीही टाइप केलेलं नाही.” विंडो स्पायमध्ये बघितलं, तर विंडोच्या नावात नवीन आवृत्तीचा आकडा घुसला होता. स्क्रिप्टमधलं नाव बदललं, एका नोंदीवर चालवून पाहिलं, पट्टी आणि पावती शेजारी ठेवून ताडली, आणि मग उरलेल्या ५१ स्क्रिप्टवर सोपवल्या.