किल्पेक आणि केंप्ली: एका दिवसात पाहावीत अशी १२व्या शतकातली दोन चर्च

इंग्लंडमधल्या हेरेफर्डशर परगण्यातलं किल्पेकचं सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड आणि ग्लॉस्टरशरमधलं केंप्लीचं सेंट मेरी. दोन्ही खेड्यातली, छोटी, १२व्या शतकाच्या पूर्वार्धातली. एकाचं वैभव दगडात, दुसऱ्याचं रंगात, म्हणून ती जोडीनेच पाहावीत. मधलं अंतर गाडीने पाऊण ते एक तासाचं. बर्मिंगहॅम किंवा ब्रिस्टलहून सकाळी लवकर निघालात तर दिवस पुरतो. स्वतःची गाडी मात्र हवीच.

सकाळ किल्पेकला द्या. हेरेफर्डहून ॲबरगेवनीकडे जाणाऱ्या ए४६५ रस्त्यावरून गावाचा फाटा लागतो. मुख्य कोरीव दार दक्षिणेला आहे. भर दुपारी ऊन समोरून पडतं आणि नक्षी सपाट दिसते. सकाळी ते बाजूने येतं, तेव्हा प्रत्येक वेटोळ्याला सावली मिळते. आभाळ भरलेलं असेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून तिरपी धरा, तोच परिणाम मिळतो. दारावरच्या अर्धगोलात वेलीसारखा जीवनवृक्ष आहे. उजव्या खांबाच्या माथ्यावर तोंडातून पानं फुटलेला चेहरा आणि डावीकडे वेलीत गुंतलेले, टोप्या घातलेले दोन योद्धे. योद्ध्यांच्या विजारींच्या चुण्यासुद्धा मोजता येतात. इतकं जुनं काम इतकं धारदार राहावं, हे या लाल वालुकाश्माचं मोठंच भाग्य.

मग चर्चला पूर्ण फेरी घाला. छताच्या कडेखाली ८५ कॉर्बेल, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले कोरीव दगड, टिकून आहेत: कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी, मेंढा, वाद्य वाजवणारा. सूर्य डोक्यावर आला की छताची सावली नेमकी त्यांच्यावर पडते. ८ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण न्या. फोनवर झूम करून बारकावे हाती लागत नाहीत. पूर्वेकडच्या अर्धगोल भागावर शीला-ना-गिग आहे, दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी स्त्री. मराठी वाचकाला लज्जागौरी आठवेल, पण घाईने नातं जोडू नये. लज्जागौरी पूजेतली आहे, तर शीला इथे का कोरली यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पश्चिमेकडच्या कोपऱ्यांवर जबडा वासून, जीभ गुंडाळलेली मगरीसारखी डोकी बाहेर आलेली आहेत. सकाळी ती सावलीत असतात, तेवढी किंमत मोजावी लागते.

बरेच जण बाहेरूनच परततात, ही मोठी चूक. आत चॅन्सेलच्या, म्हणजे वेदीकडच्या पूर्व भागाच्या, कमानीच्या दोन्ही बाजूंना संतांच्या आकृती एकावर एक रचलेल्या आहेत. इंग्लंडच्या खेड्यात असं क्वचितच दिसतं. चर्चमागे किल्ल्याची टेकडी आणि भिंतीचे अवशेष आहेत. गवत ओलं असतं, घट्ट तळव्याचे बूट घाला.

केंप्लीला जाताना हमखास होणारा घोटाळा म्हणजे चुकीच्या चर्चला पोचणं. गावात १९०३ साली बांधलेलं सेंट एडवर्ड आहे आणि नॅव्हिगेशन बहुधा तिथेच नेतं. जुनं सेंट मेरी वस्तीपासून दूर शेतांत आहे. तेव्हा नकाशात पूर्ण नाव तपासून घ्या. प्रवेश मोफत आहे, पण हिवाळ्यात ते बंद असतं. निघण्यापूर्वी इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या वेबपानावर वेळा पाहा.

आत गेल्यावर लगेच चॅन्सेलकडे धावू नका. खिडक्या लहान आहेत, डोळे अंधाराला सरावायला चार-पाच मिनिटं लागतात. मग छताच्या अर्धवर्तुळावर मध्यभागी ख्रिस्त, भोवती सूर्य, चंद्र, तारे आणि देवदूत उमटू लागतात. दोन्ही भिंतींवर सहा-सहा शिष्य मान वर करून त्याच्याकडे पाहतात. हे खरं फ्रेस्को आहे. ओल्या चुन्यावर रंग दिल्याने तो गिलाव्यातच मुरला. म्हणून १६व्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात वर फासलेल्या सफेदीखालीही तो टिकला आणि १८७२मध्ये पुन्हा उजेडात आला. नेव्हमधली, म्हणजे भाविक बसतात त्या मुख्य दालनातली, चित्रं कोरड्या चुन्यावर काढलेली, म्हणून जास्त झिजलेली. तिथलं जीवनचक्र, म्हणजे चाकाच्या आकारात दाखवलेले आयुष्याचे टप्पे, ओळखायला धीर हवा. फ्लॅश वापरू नका, भिंतीला हात लावू नका. घामातले क्षार गिलाव्याला मारक ठरतात. मग वर बघा. नेव्हच्या छपराची लाकडंही १२व्या शतकातली आहेत, हे त्यांच्या वर्षवलयांवरून सिद्ध झालं आहे.

दोन्हीकडे दार मागे ओढून घ्या, नाहीतर पक्षी आत अडकतात. रविवारी प्रार्थनेच्या वेळा टाळा आणि दानपेटीत काही टाकायला विसरू नका. किल्पेकचं छप्पर गावकऱ्यांच्या वर्गणीवरही उभं आहे. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर उन्हाच्या दिवशी किल्पेक, पावसाच्या दिवशी केंप्ली.