ताडोबाच्या बंद गेटवर गेलेले 31,450 रुपये

एकतीस हजार चारशे पन्नास. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत तो आता पन्नास हजारांवर गेलाय आणि मी अडाणी ठरलोय. अडाणी नाही मी. वीजबिल, लेकीची फी, सगळं मोबाईलवरच भरतो. केवायसीवाल्यांचे, पार्सलवाल्यांचे फोन तोंडावर कट करतो. पण वाघ दाखवायच्या नावाखालीही हा फसवणुकीचा धंदा चालतो, हे नांदेडात बसून कुणाला सुचणार?

मे महिन्यात ताडोबाच्या अधिकृत साईटवर आम्हाला हव्या त्या तारखा फुल्ल. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून सगळ्यांना तेव्हाच जायचं असतं. तेवढ्यात फेसबुकवर जाहिरात दिसली: मोहर्ली गेट, सकाळ-दुपार दोन्ही फेऱ्या, जिप्सी, गाईड, ताडोबा तलाव, जेवण, संध्याकाळी इरई धरणाचं बॅकवॉटर. फोनवरचा माणूस गोड. दाजींना ‘भाऊ’, मला ‘साहेब’, आईच्या गुडघ्यांचीसुद्धा चौकशी. आगाऊ 18,500. मग ‘गेट पास आणि कॅमेऱ्याचे’ 9,200. निघायच्या आदल्या दिवशी ‘परत मिळणारं डिपॉझिट’ 3,750. परत मिळणारं म्हणे!

यूपीआयवर नाव उमटलं ते कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं. विचारलं, तर अकाउंटंटचं खातं आहे म्हणाला. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर येतं ते नाव वाचा, आणि जुळत नसेल तर तिथंच थांबा.

आता ती गोष्ट, जिच्यापायी अजून रात्री डोकं फिरतं. परमिटची पीडीएफ आली, तारीख मंगळवारची. आई माहूरच्या रेणुकामातेचा मंगळवार धरते. ती लगेच म्हणाली, “उपवासाचं तिकडं काही मिळंल का रे?” म्हणजे घरात दिवसभर मंगळवार मंगळवारच चाललेलं. मी त्या माणसाला विचारलंसुद्धा, बाकी सगळं फुल्ल असताना हाच दिवस कसा मोकळा? म्हणाला, “साहेब, मंगळवारी गर्दी नसते.” कशी असेल गर्दी? ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, मंगळवारी बंदच असतो! नालायकाने तोंडावर खरं सांगितलं आणि मी बायकोला शाबुदाणा भिजवायला सांगितला.

त्याच पीडीएफवर आम्हा सात मोठ्या माणसांना एकच जिप्सी होती. एका जिप्सीत पर्यटक सहा. खऱ्या बुकिंगला प्रत्येकाच्या ओळखपत्राचा नंबर लागतो आणि गेटवर मूळ ओळखपत्र बघतात. याने आधार मागितलंच नाही. मला तर उलट बरं वाटलं. आधार कुणाला पाठवू नका, असं सगळे रोज सांगतातच ना?

हदगाव, यवतमाळ, वणी करत रात्रभर गाडी हाकली. पहाटे मोहर्लीला गेट बंद. तिथल्या रखवालदाराने माझा मोबाईल घेतला, दोन बोटांनी पीडीएफ मोठी केली आणि वरच्या शिक्क्यावर नख ठेवलं. ‘वनविभग’. काना खाल्लेला. चूक त्या माणसाच्या शिक्क्याची, पण मानहानी माझी, तीही सासरच्या माणसांसमोर.

पुढचा तमाशा पोलीस ठाण्यांचा. तिकडच्या एका ठाण्यात म्हणे, पैसे तुम्ही घरून पाठवले, तक्रार घरीच द्या. घरी आलो तर म्हणे, फसवणूक जंगलात झाली, तिकडंच जा. पैसे माझे, खातं माझं, हद्द मात्र कुणाचीच नाही! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं, गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. तसं म्हणालो, तर हवालदार म्हणे, “वकील आहात का?” नाही, मराठवाड्यातला करदाता आहे. साहेब जेवायला गेलेत. साहेब बंदोबस्ताला आहेत. “एवढ्या उन्हाचं जंगलात कशाला गेला होता?” हाही प्रश्न झाला. बँकेतल्या मॅडमने मान वर न करता एवढंच विचारलं, “पिन तुम्हीच टाकला ना?” हो, मीच टाकला. दरोडेखोराला तिजोरी उघडून देणाराही स्वतःच उघडतो.

या सगळ्यांपैकी एकानेही सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर सांगितला नाही. पैसे गेल्याचं कळताच, गेटवर उभं राहूनच, आधी तो लावायचा. मला तो भाच्याकडून कळला. तोवर पैसे पुढच्या खात्यात सरकले होते. स्क्रीनशॉट, यूटीआर (म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा) नंबर, चॅट काहीही पुसू नका, रागाच्या भरात तर अजिबात नाही. दाजींनी त्याला ब्लॉक करून चॅट उडवलं, आता ते कसला पुरावा देतायत.

परवा जाहिरात पुन्हा दिसली. नाव बदललंय, वाघिणीचा फोटो तोच. खाली परभणीच्या कुणीतरी विचारलंय, “सहा जणांचे किती?” त्यांना मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही. ओळखीचे असतील तर कृपया आजच फोन करा त्यांना.