स्पेक्ट्रम की कमोडोर ६४? जुने गेम्स खेळायला सुरुवात कुठून करायची

ऐंशीच्या दशकातले होम कॉम्प्युटरवरचे गेम्स एकदा खेळून बघूया असं मनात आलं की पहिलाच प्रश्न हा पडतो, झेडएक्स स्पेक्ट्रमपासून सुरू करू की कमोडोर ६४पासून, आणि दोन्हीकडचे चाहते आजही इतक्या हिरिरीने भांडतात की नवीन माणूस गांगरून जातो. माझं मत आधीच सांगून टाकते. गेम्स कसे घडत गेले ते समजून घ्यायचं असेल तर स्पेक्ट्रम, आणि निवांत बसून नुसतं खेळायचं असेल तर कमोडोर.

दोन्ही मशीन १९८२चीच. स्पेक्ट्रम एप्रिलमध्ये इंग्लंडात आला, केंब्रिजच्या सिंक्लेअरचा, १६के म्हणजे १६ किलोबाइट मेमरीवाला १२५ पौंडांना आणि ४८केवाला १७५ला. कमोडोर ६४ ऑगस्टमध्ये अमेरिकेत विक्रीला आला, ५९५ डॉलरला. सगळा फरक या किमतीतच आहे बघा. सिंक्लेअरला काहीही करून स्वस्त मशीन द्यायचं होतं म्हणून रबराची बटणं, आवाजाला एक साधा बीपर, जॉयस्टिक लावायला जागाच नाही, आणि गेमला मदत करणारी वेगळी चिप तर नाहीच, म्हणजे स्क्रीनवर जे काही हलतंय ते सगळं बिचाऱ्या झेड८० प्रोसेसरने एकट्याने हलवायचं. कमोडोरकडे स्वतःची चिप बनवणारी कंपनीच होती, एमओएस, त्यामुळे त्यांनी चित्रासाठी व्हिक-टू आणि आवाजासाठी सिड अशा खास चिप्स बनवून आत बसवल्या.

स्पेक्ट्रमचा गेम पहिल्यांदा लावाल तेव्हा तुम्हाला वाटेल काहीतरी बिघडलंय. हिरो हिरव्या झाडासमोरून चालला की त्याचा अर्धा हात हिरवा होतो, पुढे गेला की परत पांढरा. बिघाड नाहीये तो. मेमरी वाचवायला स्क्रीनचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडलेत आणि एका चौकोनात दोनच रंग बसतात, याला कलर क्लॅश म्हणतात. आता खरी मजा बघा, १९८४च्या नाइट लोअरमध्ये स्टॅम्पर भावांनी अख्खी खोलीच एका रंगात काढली, क्लॅशचा प्रश्नच मिटवला, आणि तिरक्या कोनातून दिसणारी अशी काही थ्रीडी खोली उभी केली की पुढची कित्येक वर्षं सगळे तसलेच गेम काढत बसले. मॅनिक मायनर (१९८३) लिहिणारा मॅथ्यू स्मिथ तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि नुसत्या बीपरवर त्याने गेम चालू असताना सतत वाजणारं संगीत बसवलं! माझा जीव स्पेक्ट्रमवर आहे तो यासाठीच, इथे प्रत्येक गेममध्ये तो लिहिणाऱ्याचं डोकं दिसतं.

पण खरं सांगायचं तर धावाधाव आणि गोळीबाराच्या गेम्समध्ये कमोडोर सरळ जिंकतो. आठ स्प्राइट, म्हणजे पडद्यावर स्वतंत्रपणे हलवता येणारी छोटी चित्रं, हार्डवेअरमध्येच आहेत आणि पडदा लोण्यासारखा सरकतो, स्पेक्ट्रमवर तोच प्रकार बऱ्याचदा धक्के देत चालतो. युरिडियम (१९८६) नाहीतर टरिकन (१९९०) लावून बघा, पाच मिनिटांत कळेल. रंग जरा मळकट, तपकिरी-करडे, आणि ठिपके बऱ्याच गेममध्ये जाडजूड दिसतात हे मात्र मान्य करावं लागेल, स्पेक्ट्रमचे रंग त्यापुढे भडक आणि खणखणीत.

आणि संगीत! सिड चिपमध्ये आवाज तीनच, पण बॉब यानेसने ती खऱ्या सिंथेसायझरसारखी बनवलेली. तीन आवाजांत भरगच्च सूर बसत नाहीत म्हणून कॉर्डमधले, म्हणजे एरवी एकदम वाजणारे, स्वर इतक्या झपाझप एकामागून एक वाजवायचे की कानाला ते एकत्रच वाटतात, तो जो थरथरता आवाज येतो ना तो यातूनच आलाय. मॉन्टी ऑन द रन (१९८५) या गेमचं रॉब हबर्डने केलेलं संगीत हेडफोन लावून ऐका, गेम नाही खेळलात तरी चालेल.

कॅसेटवरून गेम लोड होण्याचा अनुभव मात्र स्पेक्ट्रमवरच घ्या आणि एकदा तरी पूर्ण घ्या, इम्युलेटरमधलं (म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधलं) फास्ट लोडिंग बंद करून. ४८केवर ‘J’ हे बटण दाबलं की लोड हा अख्खा शब्दच उमटतो, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी, एंटर. आधी स्क्रीनच्या कडेला लाल-आकाशी जाड पट्टे, एकसुरी शिट्टी, मग निळे-पिवळे बारीक पट्टे आणि तो किरकिरणारा आवाज, चित्र ओळीओळीने येत राहतं, आणि अख्खा गेम लोड व्हायला चार-पाच मिनिटं जातात. कॅसेटवर गेम म्हणजे नेमकं काय होतं ते तेव्हाच कळतं.

आपल्याकडे १९८६मध्ये डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकायला आणला होता, त्यामुळे ‘आमच्या घरी होता’ म्हणणारे काका क्वचित भेटतात, त्यांना जरूर बोलतं करा.

खर्च म्हणाल तर सुरुवातीला शून्य. स्पेक्ट्रमसाठी फ्यूज, कमोडोरसाठी व्हाइस, दोन्ही इम्युलेटर फुकट आहेत. हातात मशीनच हवं असेल तर पूर्ण आकाराच्या नव्या प्रतिकृती निघाल्यात, कमोडोरची २०१९मध्ये आणि स्पेक्ट्रमची २०२४मध्ये, पण महिनाभर इम्युलेटरवर खेळल्याशिवाय पैसे घालू नका. स्पेक्ट्रमवर कंट्रोल बहुतेक वेळा क्यू-ए-ओ-पी या बटणांवर असतात, दोन दिवसांत बोटांना सवय होते. आणि व्हाइसमध्ये हिरो जागचा हललाच नाही तर घाबरू नका, जॉयस्टिक पोर्ट २ला लावून बघा, बरेचसे गेम तिथूनच चालतात.